शिवेवरचं धनुष्य

मी धामणीचं धनुष्य. जत्रेतलं नव्हे, नाटकातलंही नव्हे. धामण म्हटलं की लोकांना साप आठवतो. मी धामणीच्या झाडाचा. कुऱ्हाडीचा दांडा आणि खांद्यावरची कावड ज्या लाकडाची करतात, त्या लाकडाचा. वाकतो आणि परत सरळ होतो, हीच माझ्या जातीची ओळख.

मलंगगडाच्या पायथ्याला मला घडवणाऱ्या महिपतचं गाव आहे. गावाच्या तिन्ही बाजूंना आता इमारती आल्या, पण दसऱ्याची रीत राहिली. दसऱ्याला सगळं गाव शिवेवरच्या ओढ्याकाठी जमतं. तिथून एक बाण सुटतो. तो ओढा आणि पलीकडचा बांध ओलांडून पडला, की मगच लोक शीव ओलांडतात आणि सोनं लुटतात. धनुष्य गावच्याच लाकडाचं लागतं, आणि ते घरच्या माणसानं घडवलेलं असावं लागतं. हा मान महिपतच्या घराचा.

गेल्या दसऱ्याला त्याच्या वडिलांच्या हातचं जुनं धनुष्य शिवेवर मोडलं. बाण ओढ्यात पडला. गावाचा नियम साधा आहे. एकदा चुकलं तर माफ. पुढच्या वर्षी परत चुकलं, तर मान शेजारच्या काळुरामच्या घरी जातो. काळुराम तेव्हापासूनच मिशीला पीळ देत फिरत होता.

महिपतच्या बांधावरची धामणीची फांदी वादळात पडली होती. त्यानं तिला करवत लावली नाही. पाचरी मारून लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषेनं फाडलं. दोन्ही टोकांना शेणाचा लेप दिला, म्हणजे तडा जात नाही. मग मला दिवा स्टेशनजवळच्या त्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि सावलीत वाळत ठेवलं.

वाळल्यावर वाकस, रंधा, कानस आणि शेवटी काचेचा तुकडा. महिपत मला खिडकीच्या गजाला टांगायचा, दोरी खाली ओढायचा, बघायचा आणि माझा जो हात, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा भाग, ताठ वाटेल तो काचेनं खरवडायचा. खोलीभर भुसा. पोराचं, मितेशचं, डोकं उठलं.

"बाबा, फायबरचं ऑनलाइन मिळतं. दोन दिवसांत घरी."

"मग बाप पण मागव," महिपत म्हणाला. खरवडणं थांबलं नाही.

भादवा सरता सरता मी पुरा झालो. माझे दोन्ही हात सारखे वाकत. घायपाताची दोरी चढवून महिपतनं मला कानापर्यंत ओढलं, हळूच सैल सोडलं, दोरी उतरवली. "ठीक आहे," एवढंच बोलला. त्याच्या तोंडून 'ठीक' निघणं सोपं नाही. मी ते अजून मिरवतो.

घटस्थापनेच्या दिवशी तो बाणासाठी बांबू आणायला गावी गेला. घरात सून विनिता घटाची तयारी करत होती. शस्त्र म्हणून मला देवीपुढे ठेवायचं होतं. दोरी लोंबत असलेला मी तिला बरा दिसेना.

"अहो, हे असं ढिलं काय ठेवायचं देवीपुढे? शस्त्र कसं सज्ज पाहिजे."

मितेशनं जोर लावून दोरी चढवली. मला घटाशेजारी उभं केलं. हळदकुंकू वाहिलं. सासूनं, गंगुबाईनं, घट बसवले.

संध्याकाळी महिपत आला. दारातच थांबला.

"कोणी चढवलं?"

"मी सांगितलं बाबा. ह्यांनी चढवलं," विनिता म्हणाली. "उतरवू का?"

"खबरदार!" गंगुबाई कडाडली. "घट बसलेत. उठेपर्यंत देवीपुढचं काही हलायचं नाही."

चढवलेलं धनुष्य तसंच ठेवलं, तर लाकूड वाकाला सवकतं आणि जोर जातो. वाकणं माझं काम आहे, वाकून राहणं नाही. महिपतला हे ठाऊक होतं. पण देवीचा नेमही त्याला ठाऊक होता.

मितेश हळूच म्हणाला, "बाबा, आई झोपल्यावर काढू. कोणाला कळतंय?"

"देवीच्या दारात चोरी?" महिपत म्हणाला. विषय संपला.

घट उठेपर्यंत तो रोज माझ्यासमोर बसून जेवला. धान उगवत होतं, माळ चढत होती, आणि मी आतून थकत होतो. विनिता माझ्याकडे बघायची नाही. तिला आता कळलं होतं.

नवमीला घट उठले. दोरी उतरवली. मी सरळ झालोच नाही. महिपतनं ओढून बघितलं.

"गेलं का हो?" गंगुबाईनं पुढे येत विचारलं.

"मेलं नाही. दमलंय."

त्यानं करवत घेतली. माझे दोन्ही शेंडे कापले. नव्या खाचा पाडल्या, दोरी आखूड केली. धनुष्य आखूड केलं की उरलेलं लाकूड परत ताठरतं. माझी उंची गेली, जोर आला. पण आता लांब हाताच्या माणसानं कानापर्यंत ओढलं असतं, तर मी मोडलो असतो. महिपत उंच. मितेश त्याच्याहून उंच. गंगुबाईच्या खांद्याला सूज.

महिपतनं विनिताकडे बघितलं. ठेंगणी, आखूड हातांची.

"बाबा, मी? माझ्यामुळेच तर..."

"नळ आटला की खालून पाणी कोण चढवतं?"

"मीच."

"मग धर."

दसऱ्याच्या सकाळी गावात, घरामागच्या गवताच्या भाऱ्यावर तिनं बाण मारले. पहिल्याच बाणाला दोरीनं कोपराखाली कातडं सोललं. तिनं बांगड्या वर सारल्या आणि त्यावर रुमाल आवळला. महिपत मागून फक्त म्हणायचा, "घाई नको." "खांदा खाली." "परत."

ओढ्याकाठी गाव जमलं. विनिता पुढे झाली तशी कुजबुज उठली.

काळुराम हसला. "महिपत, घरातले पुरुष संपले का रे?"

"मान घराचा आहे, काळुराम. मिशीचा असता तर तुझ्याकडे कधीच आला असता."

लोक हसले. विनिता नाही. तिची मूठ माझ्या कमरेला घट्ट होती.

तिनं ओढलं. मी माझ्यात होतं नव्हतं तेवढं सगळं तिच्या बोटांपाशी आणून ठेवलं. पोटात काहीतरी बारीक करकरलं. मी हूं की चूं केलं नाही. तिनं सोडलं.

बाण ओढ्यावरून गेला, बांधावरून गेला आणि पलीकडे उभ्या भातात शिरला.

बाण परत आणायचं काम शेजारच्या घराचं असतं. काळुराम भातातून गेला आणि पोटऱ्या चिखलानं भरून आला. बाण त्यानं महिपतला दिला नाही, विनिताला दिला.

"घे गं. खोल रुतला होता."

महिपतनं तिला शाबासकी दिली नाही. आपट्याचं पहिलं पान मात्र तिच्या हातावर ठेवलं. एरवी ते गावच्या पाटलाला जातं.

आता मी दिव्याच्या घरी भिंतीवर आहे. पोटावर, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, केसाएवढी चीर आहे. महिपतनं ती बोटानं चाचपली आणि मला परत ओढायचं नाही असं ठरवलं. पुढच्या दसऱ्याचं लाकूड वाळतंय. त्याच्या टोकांना शेण विनितानं लावलंय.

मला दुःख नाही. शिवेवर एकच बाण सोडला, आणि तो जिथं जायला हवा होता तिथं गेला. भल्याभल्यांना एवढं जमत नाही.

कधी आमच्याकडे आलात तर मला खुशाल हातात घ्या. माझी पाठ बघा, लाकडाची एकही रेषा तुटलेली नाही. फक्त फोटोपुरती दोरी चढवा, असं म्हणू नका. विनिता तुम्हाला चहा देईल, जेवायला बसवेल, पण तेवढं ऐकणार नाही. त्या बाबतीत ती आता सासऱ्याहून कडक आहे.