साहेबांच्या पँटची कंबर

"कमर में दो इंच बढ़ा दो," असं सांगून साहेब आरशासमोर उभे राहिले, तेव्हाच माझं डोकं तापायला लागलं होतं.

दुबईजवळच्या अजमानमध्ये आमचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी शहरबानू आणि माझा नवरा रफिक, दोघंही दाभोळकडचे. मशीनवर सुजीवा बसते, ती श्रीलंकेची. गोष्ट दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यातली. तिच्या देशाच्या तिजोरीतले डॉलर संपले होते. वरच्यांनी बाहेरून कर्जं उचलली, हवं तसं उधळली आणि आता गावात ना गॅस, ना पेट्रोल, ना दूध पावडर. ऋण काढून सण त्यांनी केला आणि उपास सुजीवाच्या आईच्या नशिबी आला. वर पुन्हा तीच माणसं आखातातल्या आपल्या लोकांना सांगत होती, डॉलर बँकेतून पाठवा, देश वाचवा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

सुजीवानं बँकेतून पैसे पाठवणं बंद केलं. तिच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी केलं होतं.

"दीदी, जब तक वो लोग कुर्सी नहीं छोड़ते, एक फिल्स, एक पैसा नहीं डालूँगी. बॉक्स भेजूँगी."

खोका भरायचा म्हटल्यावर मी पदर खोचला. त्यात आम्हा कोकणातल्या बायकांचा हात कोण धरणार! दूध पावडर, मसूर, बिस्किटं, साबण. साबण मात्र डबल पिशवीत आणि दूध पावडरीपासून लांब. हे मी शिकले ते माझ्या पहिल्या खोक्यानंतर. माझ्या सासूबाई कितीतरी दिवस साबणाच्या वासाचा चहा प्यायल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत राहिल्या, दुबईच्या दुधाला असाच वास असतो.

पण सुजीवाच्या आईला लागतं इन्सुलिन. ते खोक्यातून जात नाही. जहाजाला महिना लागतो आणि त्या उकाड्यात औषधाचं पाणी होतं. तिकडच्या दवाखान्यात इन्सुलिन संपलं होतं आणि आईजवळ थोडेच दिवस पुरेल एवढं उरलं होतं. इथून ते न्यायला हातात थंड डबा घेऊन विमानात बसणारा माणूस हवा होता. सुजीवा रोज विचारायची, "कोई जा रहा है क्या?" तिकिटं महाग झाली होती. कुणी जात नव्हतं.

अशात हे साहेब आले. सुजीवाच्याच देशाचे, इथल्या त्यांच्या कुठल्याशा मंडळाचे पुढारी. गुरुवारी दुबईच्या हॉटेलात जेवण होतं, तिकडून मोठे पाहुणे येणार होते, म्हणून सूट बाहेर निघाला आणि पँट काही बसेना. सुजीवा त्यांच्या कमरेला टाचण्या लावत होती. तिला इन्सुलिन पाठवायचंय हे त्यांना कळलं, तसे ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम, मैं शुक्रवार को जा रहा हूँ. मैं ले जाऊँगा."

सुजीवाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघालं. पण साहेबांचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं हजार दिरम बँकेतून घरी पाठवायचे, म्हणजे आपले एकवीस हजार. मग साडी नेसून जेवणाला यायचं आणि पाहुण्यांच्या शेजारी पावती हातात धरून फोटो काढायचा. 'मेहनती बहीण देशासाठी पुढे आली' असं काहीतरी त्याखाली छापून येणार होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे गावाला जाणाऱ्याच्या बॅगेत दुसऱ्याचं सामान असतंच. कुणाची औषधं, कुणाचा चष्मा, कुणाच्या नातवाचे बूट. आमच्यातला एक नंबरचा कंजूष माणूससुद्धा कुरकुर करतो, वजनावरून भांडतो, पण नेतो. नेण्याची किंमत मागितलेली मी आजवर ऐकली नव्हती. आणि हा आईच्या औषधावर सौदा करत होता!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुजीवा म्हणाली, "माँ से पूछती हूँ."

तिनं व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी गॅसच्या रांगेत होती. मागे निळे सिलिंडर दिसत होते, चोरीला जाऊ नयेत म्हणून एकाला एक साखळीनं बांधलेले. सुजीवा तिच्या भाषेत सांगत गेली. म्हातारीनं आवाज मोठा केला असावा, कारण आजूबाजूच्या बायकांची डोकी पडद्यात घुसायला लागली. मग सुजीवानं काय केलं, तर फोन फिरवला आणि साहेबांवर धरला. कोट वर घेतलेला, पोट पुढे, कमरेभोवती टाचण्याच टाचण्या. हलले की टोचणार.

रांगेतली एक बाई काहीतरी बोलली आणि सगळी रांग हसत सुटली. साहेबांचं तोंड लालबुंद झालं.

"क्या बोली?" मी विचारलं.

"बोली, हमारे तो सब कपड़े ढीले हो गए. इनके टाइट कैसे हुए?"

हसणं थांबलं आणि ओरडा सुरू झाला. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण समजायचं ते सगळं समजलं. म्हातारी ओरडत नव्हती. ती हळू आवाजात लेकीशी काहीतरी बोलली. सुजीवानं फोन ठेवला.

"माँ बोलती है, फोटो मत देना. इंजेक्शन का अल्लाह... तुम्हारा अल्लाह, हमारा बुद्ध, कोई देखेगा."

साहेब कसेबसे पँटीतून सुटले, ती तिथेच टाकून आपली जुनी पँट चढवली आणि दारातून म्हणाले, "देश के लिए कुछ नहीं करते तुम लोग. गद्दार!"

मग मात्र मी सोडलं नाही. "देश तो लाइन में खड़ा है, साब! अभी देखा ना आपने? उसी ने आपको जवाब दिया."

"बानू, गिऱ्हाईक आहे," रफिक पुटपुटला.

"असू दे! माझ्या दुकानात येऊन माझ्या पोरीला गद्दार म्हणतो?"

राग असा नुसता वाया घालवायचा नसतो. त्याच तिरमिरीत मी आमच्या बायकांच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज पाठवला, कोलंबोला कुणी जातंय का, कुणाच्या ओळखीचं, शेजारचं, कुणीही. अबू धाबीच्या खलिफा सिटीतून आमच्या नबिलाचा फोन आला. तिच्या समोरच्या व्हिलात काम करणारी कुसुमा बुधवारी रात्री निघत होती. रफिकनंच न बोलता गाडी काढली. तो असाच आहे, तोंडानं गिऱ्हाइकाचा, हातानं आमचा.

कुसुमाची बॅग उघडीच होती. आत दुसऱ्यांची औषधं, दुसऱ्यांची दूध पावडर. तिचे स्वतःचे कपडे एका पिशवीत बाजूला काढून ठेवलेले, ते इथेच राहणार होते. सुजीवानं भीतभीत थंड डबा पुढे केला. कुसुमानं तो हातातल्या पर्समध्ये ठेवला आणि पर्समधली लेकीसाठी घेतलेली बाहुली काढून नबिलाकडे दिली. किंमत तिनंही विचारली नाही, आम्हीही नाही. मला तिथे रडू आलं, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी दुपारी म्हातारीचा फोन आला. इन्सुलिन पोचलं होतं. त्यातलं इंजेक्शनचं एक पेन तिनं रांगेतल्या एका बाईच्या नवऱ्यासाठी देऊनही टाकलं होतं. सुजीवा तिच्यावर चिडली, मग हसली, मग मशीनवर डोकं टेकून खूप वेळ रडली.

तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर पँट न्यायला आला. मला वाटलं, ही पँट त्याच्या अंगावर फेकावी. पण सुजीवानं मला अडवलं. काम ते काम, म्हणून तिनं कमरेची मागची शिवण आदल्या दिवशीच उसवून पाहिली होती. आत वाढवायला ठेवलेलं कापड सूतभरही उरलं नव्हतं. जुन्या शिवणींची भोकं मात्र दिसत होती, कारण कंबर आधी दोनदा वाढवून झालेली होती.

तिनं शिवण पुन्हा होती तशी घातली, पँटीला इस्त्री केली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली.

"साब को बोलना, अब नहीं बढ़ेगा. अंदर जितना था, सब उन्होंने पहले ही निकाल लिया."