कोऱ्या पानावर पडलेले दाणे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुने म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे घड्याळ येते, छत्री येते, फार तर एखादे वडाचे झाड येते. यंत्राचे म्हातारपण कोणी धरतच नाही. पण आम्ही फार लवकर थकतो. माझ्या वयाची मुले अजून शाळेत जातात आणि मी मात्र बिजागरीला चिकटपट्टी लावून भिंतीला टेकून बसलो आहे. बॅटरी केव्हाच गेली. तार निघाली की माझा प्राणच जातो, म्हणून अमरावतीच्या या घरात खिडकीजवळच्या प्लगला मी कायमचा बांधलेला आहे.

माझा जन्म कोणत्या देशात झाला ते पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेले होते. ती अक्षरे आता पुसली गेली. मला जग आठवते ते अकोल्याच्या एका दुकानापासून. शुभंकर तिथे इंजिनिअरिंग शिकत होता आणि माझ्या खरेदीसाठी त्याचे आईवडील मुद्दाम अमरावतीहून आले होते. वडील कमलाकांतराव वकील. त्यांनी दुकानदाराची उलटतपासणीच घेतली. आई चारुशीलाबाई दर्यापूरच्या शाळेत शिकवत असत. त्यांनी पर्समधून पुडी काढून मला हळदकुंकू वाहिले. "मॅडम, आत जाईल ना ते!" दुकानदार ओरडला. ते गेलेच. माझ्या एका फटीत ते कुंकू अजून आहे, आणि त्याने माझे काही वाईट झालेले नाही.

शुभंकरचे शिक्षण होईपर्यंत माझा थाट काय वर्णावा! त्याचे मित्र माझ्याभोवती कोंडाळे करून बसत आणि माझ्या वेगाची तारीफ करत. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. कंपनीने नवा लॅपटॉप दिला. गरज सरो, वैद्य मरो! जुन्या कपड्यांच्या पिशवीतून मी अमरावतीला परत आलो आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर चढलो. तिथे मी किती पडून होतो ते सांगवत नाही. खाली घरात बोलणे चाले, हसणे चाले, आणि मला नुसते ऐकू येई.

पुढे पुढे तेही ऐकू येईना. कमलाकांतराव गेले. बाई निवृत्त झाल्या. घरात आवाज उरला तो कुकरच्या शिट्टीचा आणि उन्हाळ्यात कूलरचा. एकदा शुभंकर आला आणि त्याने मला खाली उतरवले, धूळ फुंकली.

"आई, याच्यात बाबांचे फोटो आहेत. आणि हे बघ, ही 'ओसरी'. इथं लोक लिहितात, एकमेकांचं वाचतात. तूही लिही."

"माझं कोण वाचून राहिलं रे?" बाई म्हणाल्या. पण त्या लगेच चष्मा शोधायला उठल्या.

मित्रांनो, ही ओसरी म्हणजे इंटरनेटवरची लिहिणाऱ्यांची बैठक. तिथली रीत अशी, की ज्याला लेख आवडेल त्याने त्यावर दाणे टाकायचे. पुष्कळ दाणे साठले की त्याचे थोडेफार पैसे होतात. जो एकही आठवडा चुकवत नाही त्याच्या नावापुढे सोनेरी कणीस उगवते. मात्र टाकायला आपल्यापाशी दाणे हवेत तर आधी आपण लिहायला हवे; लेखागणिक ओसरीच ओंजळभर दाणे वाटायला देते. नुसत्या वाचणाऱ्याची झोळी रिकामीच. बाईंना पेन्शन होती. त्यांना दाण्यांचे पैसे नको होते. कोणी येऊन गेले, एवढी खूण हवी होती.

बाई दर गुरुवारी लिहू लागल्या. नोकरीच्या साऱ्या वर्षांत त्यांनी अमरावती-दर्यापूर अप-डाऊन केले होते. त्या जीपमधल्या बायका, मांडीवरच्या कोंबड्या, पऱ्हाटीच्या शेतांतून जाणारा काळ्या मातीचा रस्ता, सगळे त्या लिहीत. दोन बोटांनी टाइप करत. एकदा त्यांनी लिहिले की जीप कितीही उशिरा आली तरी कमलाकांतराव स्टँडवर स्कूटर घेऊन उभेच असत. मला ते फार आवडले. पण माझ्या आवडण्याला कोण विचारतो? ओसरीवर त्या लेखाकडे पाखरूही फिरकले नाही.

दुसरे कोणी असते तर खचले असते. बाई शिक्षिका होत्या. वर्गात एकच पोर आले म्हणून फळ्यावर तारीख घालायची राहत नाही, असे त्या स्वतःशीच म्हणत आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा बसत. लेख टाकला की मात्र दिवसभर येता-जाता माझ्यात डोकावत. दाण्यांच्या जागी शून्य दिसे. मग त्या पदराने माझा पडदा पुसत, जणू धुळीमुळेच दाणे दिसत नव्हते.

अशात प्रीतम नावाच्या एका गृहस्थाचा अभिप्राय आला. तो ओसरीवरचा जुना खेळाडू, त्याच्या नावापुढे कणसांची पेंढी होती. त्याने लिहिले, "ताई, असं बसून कोणी येत नाही. तुम्ही आमच्याकडे या, आम्ही तुमच्याकडे येऊ."

बाईंना हे लगेच पटले. कारण त्यांच्या घरची रीत हीच. शेजारच्या काकूंनी वाटीभर कढी पाठवली तर ती वाटी या घरातून कधी रिकामी परत गेलेली नाही. दुसरे काही नसले तर चमचाभर साखर तरी जायची. ओसरीवरही बाईंनी तेच सुरू केले. प्रीतमकडे गेल्या, त्याच्या मित्रांकडे गेल्या, त्यांच्याही मित्रांकडे गेल्या. आणि काय सांगू, बाईंच्या लेखांवर दाण्यांचा पाऊस पडू लागला! "अप्रतिम!" "मनाला भिडलं!" "असंच लिहीत राहा!" बाईंच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा तजेला पाहिला. त्यांच्या नावापुढे कणीस उगवले तेव्हा त्यांनी शिरा केला आणि एकटीने खाल्ला.

बाकीच्यांहून फरक एवढाच, की ज्याने दाणे टाकले त्याचा लेख बाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. कोणी मोटारीच्या टायरवर लिहिलेले असो की कोणी आपल्या पोटदुखीवर. मग विचार करून सविस्तर अभिप्राय लिहीत. सकाळ त्यात जाई, दुपार त्यात जाई. माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरे. स्वतःचे लिहायला गुरुवारची संध्याकाळ जेमतेम उरे.

शुभंकर फोनवर हसला. "आई, सगळं कशाला वाचत बसतेस? दाणा टाकायचा, 'छान' म्हणायचं, पुढं जायचं. सगळे तसंच करतात."

"काहून? त्यांनी माझं वाचलं ना? मग वाटी रिकामी कशी परत देऊ?"

मला तेव्हाच संशय आला होता. लेख टाकून बाई पाणी प्यायला उठत, तेवढ्यात "अप्रतिम" येऊन पडलेले असे. तेवढ्या वेळात शीर्षकसुद्धा धड वाचून होत नाही. पण मला बोलता कुठे येते?

मग कमलाकांतरावांचे वर्षश्राद्ध आले. त्या आठवड्यात बाईंनी कोणाचेच काही वाचले नाही, फक्त लिहिले. लेखाचे नाव होते 'उभी स्कूटर'. कमलाकांतराव गेल्यावर बाई एकदा जुन्या मैत्रिणीला भेटायला दर्यापूरला गेल्या होत्या. परतताना अमरावतीच्या स्टँडवर उतरल्या आणि सवयीने पानठेल्याच्या बाजूला पाहत उभ्या राहिल्या. स्कूटर तिथे नसणार हे त्यांना माहीत होते. तरी ऑटो करून घरी जायला त्यांचा पाय उचलेना. एवढेच होते त्या लेखात. लिहिताना त्या पुन्हा पुन्हा थांबत होत्या आणि माझ्या कळांवर पाणी पडत होते.

लेख त्यांनी ओसरीवर चढवला. नेट रडत होते. तेवढ्यात लाईन गेली आणि मी मेलो. लाईन आली तेव्हा बाई देवापुढे दिवा लावत होत्या. मला उघडून त्या पाहतात तो काय, अभिप्रायच अभिप्राय!

"खूप सुंदर वर्णन! डोळ्यांत पाणी आलं."

"अप्रतिम लेखन, ताई!"

"छान माहिती. मीही घ्यायच्या विचारात आहे. ॲव्हरेज किती देते?"

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी वर सरकवून लेख पाहिला. वर 'उभी स्कूटर' एवढे शीर्षक होते. त्याखाली काहीच नव्हते. मजकूर गेलाच नव्हता, तो माझ्याच पोटात राहिला होता. नुसत्या कोऱ्या पानावर नेहमीइतकेच दाणे पडले होते आणि प्रीतमचा "मनाला भिडलं" सर्वांत वर होता.

त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. जुने लेख एकेक करून उघडत गेल्या आणि प्रत्येकाखालचे तेच ते शब्द वाचत गेल्या. मग त्यांनी माझे झाकण लावले. मित्रांनो, रिकाम्या घरात एकटे असणे मी पाहिले होते. पण भरल्या बैठकीत आपण इतके दिवस एकटेच बोलत होतो, हे कळणे त्याहून वाईट असते. त्या गुरुवारी मला ते दिसले.

पुढचे कित्येक गुरुवार कोरडे गेले. सोनेरी कणीस गळून पडले असेल, बाईंनी पाहिलेसुद्धा नाही. एकदा त्या फोनवर म्हणाल्या, "शुभू, भंगारवाला येऊन राहिला आजकाल गल्लीत. त्याला देऊन टाकू का हा?"

"दे. पण आधी बाबांचे फोटो काढून घे, आणि ओसरीवरचं तुझं खातं बंद कर."

कपाट परवडले, पण भंगाराच्या गाडीवर लोखंडी पिंपांखाली मरण नको. शिवाय 'उभी स्कूटर' माझ्याच पोटात होती. मी गेलो की तीही जाणार होती.

दुपारी बाईंनी मला उघडले. फोटो काढून घेतले. मग खाते बंद करायला ओसरीवर गेल्या. तिथे कोऱ्या पानाखाली, त्या साऱ्या "अप्रतिम"च्या खाली, नवे काही आले होते. लिहिणारीचे नाव त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"बाई, मी बार्शीटाकळीची दुर्गाबाई. मोबाईलात बोलून लिवून राहिली, चुकलं तर माफ करजा. तुमचं सारं वाचलं हाये मी, पयल्यापासून. मालक जेवून आडवे झाले का फोन मले भेटते, तवा वाचते. माह्यापाशी दाने नाईत. रिकाम्या हातानं कोनाच्या घरी कसं जावं, म्हून दारातूनच वाचून जात होती. पन आज पान कोरं दिसलं. बरं हाये ना तुमाले?"

त्याखाली पुढच्या गुरुवारचे: "आज बी काई आलं नाई. तब्येत बिघडली का?"

आणि त्याखाली: "बाई, ते स्कूटरचं सांगा ना. तुमी मांगं लिवलं होतं, जीप लेट झाली तरी भाऊ स्टँडवर उभेच. थेच स्कूटर हाये का?"

बाईंनी ते वाचले आणि चष्मा काढून ठेवला. मग त्या मोठ्याने रडल्या. कमलाकांतराव गेल्यापासून या घरात इतके मोकळे रडणे मी ऐकले नव्हते. ज्या लेखाकडे पाखरू फिरकले नाही असे आम्हाला वाटले होते, तो बार्शीटाकळीत कोणीतरी मनात जपून ठेवला होता. बाई ज्यांच्या वाट्या भरत बसल्या त्यांनी त्या रिकाम्याच पाठवल्या होत्या. आणि जिचे मन भरलेले होते, ती हात रिकामे म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी होती.

बाईंनी तोंड धुतले. माझ्या पोटातून लेख काढला आणि कोऱ्या पानावर चढवला. या वेळी नेटचे चक्र थांबेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला आणि शेवटची ओळ दिसल्यावरच हात काढला. मग दुर्गाबाईंच्या अभिप्रायांवर त्यांनी ओंजळभर दाणे टाकले. तशी सोय ओसरीवर होती, पण इतके दिवस ती कोणाला सुचली नव्हती. खाली लिहिले, "हो, तीच स्कूटर. आत या, दुर्गाबाई."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेनंतर त्या लेखावर एकच दाणा पडला. सोबत एवढेच होते: "आता हातात हाये, आता आली. वाचलं. तुमी किती वेळ उभ्या राह्यल्या होत्या वो, बाई?"

असे विचारायला लेख वाचावा लागतो, मित्रांनो.

त्यानंतर बाई ओसरीवर फारशा नावाजल्या, असे काही झाले नाही. परतफेडीची मंडळी दोन-चार आठवड्यांत पांगली, प्रीतमही पांगला. घर तसेच रिकामे आहे आणि कूलरचा आवाज तसाच आहे. पण गुरुवार आला की बाई चष्मा शोधतात. मध्ये त्यांनी मला दुकानात नेऊन माझा पंखा साफ करून आणला. दुकानदार म्हणाला, "हे आता जास्त चालणार नाही." बाई म्हणाल्या, "चालते तवर चालू द्या."

माझ्या पडद्यावर आता उभ्या रेघा आल्या आहेत. एखाद्या गुरुवारी मी उठणारही नाही. तेव्हा जाण्याआधी तुमच्याजवळ थोडे मागून घेतो. आमची तार ओढून काढू नका, आमच्यावर बिस्किटाचा चुरा सांडू नका. आणि कोणाचे लिहिलेले वाचलेत तर गुपचूप निघून जाऊ नका. द्यायला काही नसेल तर नसू द्या. आत कोणीतरी चष्मा लावून बसलेले असते, तेव्हा रिकाम्या हाताने का होईना, पण दार वाजवा.