सगळ्यात वरचं गाडगं

साखरा गावच्या सोनाजीला आपल्याच घरात काय कुठं असतं हे कधी ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजच पडली नव्हती. शेतातून आला की पटका ज्वारीच्या कणगीवर फेकायचा, वहाणा उंबऱ्यातच सोडायचा आणि कासरा हातातून सुटेल तिथं टाकायचा. सकाळी उठून बघावं तर पटका खुंटीवर, वहाणा भिंतीशी आणि कासरा गुंडाळून गोठ्याच्या मेढीला. हे आपोआप होत नसतं, हा विचार लग्न झाल्यापासून एकदाही त्याच्या मनात आला नाही.

हे सगळं करणारी त्याची बायको, केवळा. ती बोलायची नाही असं नव्हतं.

"अहो, पटका ठिवायला खुंटी हाय की. तुमीच ठोकली हाय ती."

"मंग तू काहून हायेस?" तो हसून म्हणायचा.

तीही हसायची आणि पटका उचलायची. ते हसणं त्याला पुढं फार आठवायचं.

लढाईची वर्षं होती. दुकानात रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. त्या साली दसऱ्याच्या सुमाराला गावात हिवताप शिरला आणि केवळानं अंथरूण धरलं. औंढ्याहून आणलेल्या वैद्यानं काढे दिले. तापानं तिचं तोंड इतकं कडू झालं की पाणीसुद्धा नको म्हणायची. एका दुपारी मात्र तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आवळकाठी द्या एखादी. तोंडात धरते."

वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी. दरवर्षी ती मीठ लावून वाळवायची आणि कुठंतरी ठेवायची. तेवढंच सोनाजीला माहीत होतं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. आठ-नऊ वर्षांची लेक शालू विहिरीवर गेली होती. सोनाजी उतरंडीपुढं उभा राहिला. भिंतीला लागून एकावर एक मडकी रचलेली, खाली मोठी, वर लहान होत गेलेली. अशा तीन उतरंडी होत्या. केवळानं अंथरुणातून हात उचलून दाखवलं. हात कापत होता, त्यामुळं तो नेमका कुठं दाखवतोय ते कळेना. सोनाजीनं एक मडकं उतरवलं, त्यात मूग. दुसरं उतरवलं, त्यात जवस. तो पहिल्या दोन उतरंडींतच हात घालत राहिला. मेथ्या निघाल्या, हुलगे निघाले, राळे निघाले. एक मडकं हातातून निसटून फुटलं आणि तूरडाळ घरभर झाली.

"राहू द्या," केवळा म्हणाली.

"सापडतील गं. थांब."

"राहू द्या," ती पुन्हा म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

शालू विहिरीवरून आली तेव्हा केवळा बेशुद्ध होती. दुसऱ्या दिवशी ती गेली. आवळ्यानं ती वाचली नसती, हे वैद्यानंही सांगितलं आणि गावानंही. सोनाजीलाही ते कळत होतं. पण रोज जेवायला बसला की घास तोंडाशी यायचा आणि त्याला वाटायचं, तिनं एवढंच मागितलं होतं, आणि आपल्याच घरात आपल्याला ते सापडलं नाही.

तेराव्याला पुसेगावची सासू गोजरबाई निघताना दारात थांबली. तोंडाची फटकळ, पण लेकीच्या मरणानं वाकलेली. ती म्हणाली, "सोनाजीराव, पोरगी सध्या ठिवते तुमच्याजवळ. संक्रांत झाली की येते. घर नीट चालत असंल तर राहील इथंच. न्हाई तर नेते मी तिला. बाईमाणूस नसलेल्या घरात लेकरू बेवारशी होतं."

"मामी, पोरगी नेली तर मला काय राहिलं?" सोनाजी म्हणाला.

"म्हणून तर सांगून राहिले. घर नीट ठिवा."

सोनाजीनं ते मनावर घेतलं, असं त्याला वाटलं. केवळाचं घर होतं तसंच ठेवायचं, त्यात लेक ठेवायची, मग आवळकाठीचं थोडंतरी फिटेल असा त्याचा हिशेब होता. भाकरी तो स्वतः थापायला शिकला. पहिल्या भाकरी बैलानं तेवढ्या खाल्ल्या. पुढं बऱ्या जमू लागल्या. आणि घर खरंच नीट राहिलं. अंगण झाडलेलं असायचं, चूल पोतारलेली असायची, रांजण भरलेला असायचा. शेतातून दमून आला की तो पटका कणगीवर टाकायचा आणि सकाळी खुंटीवरून घ्यायचा. आपल्याला घर चालवता येतं, असं त्याला वाटू लागलं.

शेजारी पिंजाऱ्याची फातिमाबी राहायची. तिनं एकदा कुडावरून विचारलं, "सोनाजीभाऊ, शालू आजकाल खेळायला यीना. आमची बिलकीस वाट बघून बघून झोपती."

"मोठी झाली आता ती," सोनाजी जरा अभिमानानं म्हणाला. "शहाणी झाली."

"व्हय," फातिमाबी म्हणाली. "लईच शहाणी झाली." आणि ती आत निघून गेली. तिच्या बोलण्यातली खोच सोनाजीला तेव्हा कळली नाही.

संक्रांत झाली आणि गोजरबाईची गाडी दारात उभी राहिली. सोनाजी सकाळपासून धास्तावला होता. गोजरबाई आत आली. काठी टेकत तिनं सगळं घर पाहिलं. सारवलेली भुई पाहिली, चुलीवरून बोट फिरवलं, देवाच्या कोनाड्यातली वात पाहिली, उतरंडी वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या. केवळा होती तसंच सगळं. सोनाजीचा जीव भांड्यात पडला.

"घर चांगलं ठिवलं," गोजरबाई म्हणाली. "कोण ठिवतं?"

"आमी दोघंबी."

"बरं. तान लागली लई. गूळपाणी द्या."

शालू लगेच उठली. गोजरबाईनं तिचा हात धरून तिला मांडीवर ओढलं. "तू बस गं. जावयाच्या हातचं पाणी प्यावं म्हणते आज."

सासूनं जावयाकडं असं मागायची रीत नव्हती. सोनाजी थोडा गोंधळला, पण उठला. रांजण समोरच होता, त्यानं तांब्या भरला. मग तो उतरंडीपुढं येऊन उभा राहिला. गूळ. रोज आपण खातो तो गूळ कुठून येतो? भाकरी तो थापायचा, पण पीठ काठवटीत आधीच काढलेलं असायचं, मीठ शेजारी असायचं, आणि जेवायच्या वेळी गुळाचा खडा ताटलीत असायचा.

त्यानं मागं पाहिलं. शालू आजीच्या मांडीवर गप्प बसली होती. तिचे डोळे मधल्या उतरंडीवर गेले, वरून दुसऱ्या गाडग्यावर थांबले आणि पटकन खाली झाले. सोनाजीनं ते गाडगं उतरवलं. गूळच होता. त्याला हायसं वाटलं.

"सुंठीची चिमूट टाका थोडी. घसा बसला हाय," गोजरबाई म्हणाली.

सोनाजीनं पुन्हा लेकीकडं पाहिलं. तिचे डोळे चुलीमागच्या कोनाड्याकडं गेले. सुंठ तिथंच होती.

"आता आवळकाठी द्या एखादी," गोजरबाई म्हणाली. "केवळी पुरून उरंल एवढी करायची दरसाली." तिला काही माहीत नव्हतं. प्रवासानं तोंड कोरडं पडलं होतं, म्हणून तिनं मागितली.

सोनाजीनं तांब्या खाली ठेवला. त्यानं शालूकडं पाहिलं. पण या वेळी गोजरबाईनं आपला सुरकुतलेला तळवा अलगद पोरीच्या डोळ्यांवर ठेवला होता.

"द्या की," ती म्हणाली.

सोनाजीनं एक मडकं उतरवलं. जवस. दुसरं उतरवलं. हुलगे. तिसऱ्यात हात घातला तर मेथ्या हाताला लागल्या. डोळे झाकलेली शालू आजीच्या मांडीवरून हळूच म्हणाली, "राहू द्या बा. मी घेते."

सोनाजीचा हात मेथ्यांतच राहिला. शब्द तेच होते. आवाजही तोच, फक्त लहान.

गोजरबाईनं शालूचा हात उघडून त्याच्यापुढं धरला. तळहाताला जात्याच्या खुंट्यानं घट्टे पडले होते. बोटांना शेणानं आणि थंडीनं भेगा पडल्या होत्या. "सोनाजीराव, दारात पाय ठिवला तवाच म्या वळखलं. इतकं नीट घर गड्याच्यानं व्हत न्हाई. केवळी मेली आन् तुमी दुसरी केवळी कामाला लावली."

"मामी, म्या तिला एक काम सांगितलं न्हाई."

"माझ्या केवळीला तरी कुठं सांगत होता?"

सोनाजीनं खुंटीवरच्या पटक्याकडं पाहिलं. रात्री तो त्यानं कणगीवर फेकला होता. कणगी उंच होती. पोरगी कशावर तरी चढून तो काढत असणार, आणि खुंटीला लावायला पुन्हा चढत असणार. रोज. तो झोपलेला असताना.

"न्या तिला," तो म्हणाला.

गोजरबाई भांडायच्या तयारीनं आली होती. ती चमकली. "काय म्हणता?"

"न्या म्हणतो. इथं राहिली तर उचलतच राहील."

शालू रडली. गाडीत बसवली तरी उतरू बघत होती. "बा, मीठ चुलीजवळच्या..." ती सांगू लागली.

"सांगू नकोस," सोनाजी म्हणाला. "हुडकतो मी."

गाडी गेल्यावर घर चार दिवस जसंच्या तसं होतं. मग ते घर सोनाजीचं दिसू लागलं. केर साठला, रांजण रिकामा राहिला, वहाणा हुडकण्यात सकाळ जाऊ लागली. एकदा डाळीत मिठाऐवजी पापडखार पडला. ती खारट-कडू डाळ त्यानं तशीच खाल्ली. टाकून द्यायचा हक्क आपल्याला नाही, असं त्याला वाटलं.

एका दिवशी भर दुपारी त्यानं तिन्ही उतरंडी अंगणात मांडल्या. एकेक मडकं उघडून पाहिलं. पुसलं. मग परत लावताना त्यानं आपलं डोकं चालवलं, दिसायला बरं म्हणून एकसारखी गाडगी एकत्र लावली. थोड्याच दिवसांत मिठाला पाणी सुटलं आणि डाळीत किडे झाले. मग कळलं की मीठ चुलीच्या उबेला असायचं म्हणून कोरडं राहायचं, आणि डाळीच्या मडक्यातला जो पाला त्यानं कचरा म्हणून झटकला होता, तो केवळानं मुद्दाम घातलेला कडुनिंब होता. त्यानं सगळं पुन्हा उतरवलं आणि आठवून आठवून तिच्यासारखं लावलं.

आवळकाठी तिसऱ्या उतरंडीच्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात लहान गाडग्यात होती. लेकराचा हात पोचू नये म्हणून केवळानं वर ठेवली असणार. त्याच्या मात्र हाताच्या उंचीवर होती. त्या दुपारी त्यानं फक्त हात वर केला असता, तरी पुरे होतं. सोनाजी ते गाडगं मांडीवर घेऊन अंगणात बराच वेळ बसला.

पटक्याचं जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. हात आपसूक कणगीकडं जायचा. मग त्यानं ठरवलं, पटका खुंटीला लावल्याबिगर पाणी प्यायचं नाही. कधी तांब्या तोंडाला लावल्यावर आठवायचं. मग तो तांब्या खाली ठेवायचा, उठायचा, पटका उचलून खुंटीला लावायचा आणि मग प्यायचा. फातिमाबीनं कुडावरून ते पाहिलं.

"क्या बात है, सोनाजीभाऊ! पटक्याला खुंटी सापडली म्हणायची."

"सापडली. उशिरा सापडली," तो म्हणाला.

फातिमाबी हसली नाही. थोड्या वेळानं तिनं कुडावरून लोणच्याची वाटी पुढं केली.

आखाजी आली, वैशाखातली अक्षय्य तृतीया. केवळाच्या नावानं घागर भरायची ही पहिलीच आखाजी. सोनाजीनं पहाटे उठून अंगण झाडलं, भुई सारवली. हात अजून बाईसारखा चालत नव्हता, सारवणात बोटांच्या रेघा राहिल्या. पाण्यानं भरलेली नवी मातीची घागर देवापुढं ठेवली. गोजरबाईची गाडी आली आणि शालू उडी मारून उतरली. अंगानं भरली होती, तळहात मऊ झाले होते. तिनं हातातलं बोचकं उंबऱ्यात टाकलं, ओल्या सारवणावर पाय उमटवत घरभर फिरली, आणि "बिलकीस हाय का घरी?" म्हणत फातिमाबीकडं पळाली.

"शाले, बोचकं उचल गं!" गोजरबाई ओरडली.

"राहू द्या," सोनाजी म्हणाला. त्यानं बोचकं उचललं, झटकलं आणि खुंटीला लावलं. तिच्या पायांचे ठसे त्यानं पुसले नाहीत.

मग त्यानं न विचारता सासूला गूळपाणी दिलं. वर सुंठीची चिमूट टाकली. गोजरबाईनं तांब्या हातात घेतला, पण प्यायली नाही. ती त्या सारवणातल्या बोटांच्या रेघांकडं बघत होती.

"गाडीत जागा लई होते परतताना," ती म्हणाली. "मी एकलीच जाते."

सोनाजीनं मान हलवली. तो उठला, हात वर केला, सगळ्यात वरचं गाडगं उतरवलं आणि आवळकाठीच्या चार फोडी केवळाच्या घागरीपुढं ठेवल्या. हात जोडले. मागायचं काही नव्हतं, आणि जे सांगायचं होतं ते ऐकणारी नव्हती.

एवढ्यात शालू बिलकीसला घेऊन धावत आली. घागरीपुढच्या फोडींना हात लावायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं खाली ठेवलेल्या गाडग्यात हात घातला, एक फोड बिलकीसला दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली, आणि झाकण तसंच भुईवर टाकून दोघी बाहेर पळाल्या.

सोनाजीनं झाकण उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, गाडग्यावर बसवलं आणि गाडगं त्याच्या जागी ठेवलं.