तारपकरी पुढे

आमच्या घरी दर रविवारी जेवणं उरकली की मुडदे पडतात. आई त्याआधीच नारळ फोडायची हातोडी आणून टेबलावर आपटते. "घ्या. सोमवारी मला चटणी करायचीय, तोवर काय रक्त सांडायचं ते सांडा," म्हणते आणि आत जाऊन दार लावून घेते.

टेबल म्हणजे मसोलीच्या आमच्या घराच्या पडवीत दोन ड्रमांवर आडवं टाकलेलं जुनं दार. त्यावर वाळूचे डोंगर, भाताच्या तुसाचं रान, मधून एक खिंड. एका बाजूला माझ्या बाबांची फौज, दुसऱ्या बाजूला देवेशची. माणसं बोटभर उंचीची, पण मारामारी खरी. फासे टाकायचे, वार मोजायचे, मेलेला बाजूला काढायचा.

बाबा म्हणजे जिव्या ट्रॅकमन. उभी हयात डहाणू रोडच्या आसपासचे रूळ ठोकण्यात गेली. देवेश रेल्वेच्याच सिग्नल खात्यात, वयानं माझ्याएवढा. त्यानंच एकदा मोबाईलवर बाबांना दाखवलं की परदेशात मोठी मोठी माणसं टेबलावर फौजा मांडून लढतात. ती तिकडची फौज आपल्याला झेपायची नाही म्हणून दोघांनी आपापली केली. बाबांनी मातीची माणसं वळली आणि चुलीत भाजली. देवेशनं नंतर कुठून तरी थ्रीडी प्रिंटर पैदा केला. नियम दोघांनी भांडून भांडून ठरवले.

त्यातला हातोडीचा नियम बाबांचा. जो मोहरा मेला तो त्याच्या मालकानं स्वतःच्या हातानं फोडायचा. रुळावर कापली गेलेली माणसं बाबांनी आयुष्यभर उचलली होती. चादरीत पाय गोळा केले होते, एकदा तर नुसतं डोकं. त्यामुळे खेळात मेलेला माणूस संध्याकाळी डब्यात पुन्हा उठून बसतो हे त्यांना पटायचंच नाही. मेला तो मेला, म्हणायचे. दुसरा नियम त्याहून कडक होता: फौज संपली की टेबलावरून कायमचं उठायचं.

हे नियम केले तेव्हा बाबांचा उजवा हात धडधाकट होता. गेल्या वर्षी लकवा मारला आणि हात गेला, हाताबरोबर बोलणंही गेलं. तीन शब्द उरले. हां, नाय आणि चल. त्यानंतर भेटायला येणारा प्रत्येक जण बाबांशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागला, जसं काही ते बहिरेही झालेत आणि बाळही. "कसं वाटतंय काकाऽऽ? छान दिसताय हांऽऽ!" माझा राग नुसता उसळायचा. एकेकाला पडवीतून ढकलून द्यावंसं वाटायचं.

देवेश मात्र दवाखान्यातून घरी आणल्यावरच्या पहिल्याच रविवारी डबा घेऊन हजर. बसला, फौज मांडली आणि बाबांचे भालाईत कापून काढले. बाबा डाव्या बोटानं दाखवणार, मी मोहरे हलवणार, फासे टाकणार आणि मेलेले फोडणार. एकेक मातीचं माणूस, बाबांच्या अंगठ्याचा ठसा ज्याच्या पाठीवर, ते मी माझ्या हातानं ठेचायची. देवेशही त्याचे ठेचायचा. पण त्याचं काय जात होतं? रविवारी मेलेला त्याचा घोडेस्वार मंगळवारपर्यंत मशीनमधून पुन्हा जन्माला यायचा. आमचा हात मेला होता. आता नवा माणूस वळणार कोण?

फौज घटत चालली आणि मी दर रविवारी उरलेले मोहरे मोजायला लागले. बाबा सोमवार ते शनिवार भिंतीकडे तोंड करून पडून असत. रविवारी मात्र दाढी करून घ्यायचे, इस्त्रीचा शर्ट मागायचे, वहाणा घालायचे. शेवटचा भालाईत फुटला की तो शर्टही कपाटात जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. देवेशला दिसत नव्हतं का? दिसत असणार. तरी तो मारतच होता. कसाई मेला. हातोडी मोहऱ्यावर आपटताना मी मनात त्याचंच डोकं धरायची.

आमच्या फौजेत एक नायक होता ज्याला कुणी विचारत नव्हतं. तारपकरी. बाबांनी लकव्याच्या आधी वळलेला शेवटचा मोहरा. गाल फुगलेले, दुधीचा तारपा तोंडाला लावलेला, कंबरेत किंचित वाकलेला. हातात शस्त्र नाही, एका वारात मरणार. त्याचा नियम बाबांनी तेव्हाच सांगून ठेवला होता: त्याच्यापासून एका वितीच्या आत जे आपले असतील ते घाबरून पळणार नाहीत आणि दुप्पट वार करतील. मात्र त्यांनी त्याला पाठ दाखवायची नाही. ऐकून देवेश हसला होता. "काका, लढाई आहे का लग्न?"

लकव्यानंतर एकदा मी त्याला टेबलावर उतरवला होता. निःशस्त्र माणूस, नाजूक मोहरा. शहाण्या बाईसारखा त्याला सगळ्यांच्या मागे, सुरक्षित ठेवला. झालं! पाठ दाखवायची नाही म्हणून आमचे भालाईत गर्रकन मागे वळले, त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि शत्रूला मिळाल्या उघड्या पाठी. देवेशच्या घोड्यांनी कणसं खुडावीत तशी मुंडकी खुडली. बाबा डाव्या मुठीनं टेबलावर आपटत होते, "नाय! नाय! नाय!" मी समजले, हा मोहरा नको म्हणतायत. त्याला कापसात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवून दिला आणि विसरून गेले.

भात कापून झालं तेव्हा आम्ही तलासरीकडे गेलो. बाबांची बहीण, नवशीआत्या, तिथल्या एका पाड्यावर राहते. संध्याकाळी अंगणात नाच सुरू झाला. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, नाचात माझे पाय म्हणजे आनंदच. आत्यानं एका बाजूनं कंबरेला हात घातला, दुसऱ्या बाजूनं कुणी, आणि रांग निघाली. बाबा बाजूला खाटेवर बसले होते, त्यांना बघायला मी मान वळवली. अंगही वळलं असणार. आत्यानं बरगडीत असा कोपर हाणला की डोळ्यांत पाणी आलं.

"तोंड तिकडं ठेव! पाठ नको दाखवू त्याला!"

मी तिकडं पाहिलं. तारपा वाजवणारा रांगेच्या पुढे चालला होता. तो वळला की रांग वळायची, तो आत शिरला की रांग आत शिरायची. कुठे नेतोस म्हणून कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे, म्हणजेच तो नेईल तिकडे. माझे पाय जागीच थांबले आणि मागच्या बाईनं माझी टाच तुडवली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी रांग सोडून खाटेपाशी धावले. "बाबा, तो पुढे असतो! सगळ्यांच्या पुढे ठेवायचा असतो त्याला!"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की वर्षभराच्या सगळ्या शिव्या त्या एका नजरेत आल्या. "हां."

"पण पुढे ठेवला तर मरेल तो."

"हां," बाबा म्हणाले. आवाज जराही हलला नाही.

पुढच्या रविवारी मी डबी उघडली. आमचे जेमतेम मूठभर भालाईत उरले होते आणि दोन कुऱ्हाडवाले. समोर देवेशचे धनुर्धारी, घोडेस्वार आणि त्यांच्या मागे टेकाडावर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला सरदार. सरदार पडला की डाव संपला. मी तारपकऱ्याला सगळ्यांच्या पुढे, खिंडीच्या तोंडाशी ठेवला.

"काय गं निलम, आत्महत्या?" देवेश म्हणाला.

"तू फासे टाक."

त्यानं बाण सोडले. दोन भालाईत गेले, एक गळ्यात बाण घेऊन, एक डोळ्यात. निदान मला तसंच दिसलं. मी दोघांनाही हातोडीखाली घेतलं. तारपकऱ्याला बाण लागला नाही. मी त्याला एक वीत पुढे सरकवला आणि मागोमाग सगळी रांग. तोंडं त्याच्याकडे, म्हणजे थेट शत्रूकडे.

देवेशनं घोडे सोडले. आजवर घोडे अंगावर आले की आमचे पळत सुटायचे आणि पळता पळता कापले जायचे. या वेळी एकही पळाला नाही. घोडा येऊन आदळला आणि भाले त्याच्या छातीतून आरपार गेले. मी दुप्पट फासे उचलले. पहिला स्वार खाली आला, त्याच्यावर आमचा कुऱ्हाडवाला बसला. दुसऱ्याच्या घोड्याचं पोट फाडलं. तिसरा वळून पळू लागला, त्याला मागून भोसकला. मला सांगायला लाज वाटत नाही, मी ओरडत होते. मला रक्ताची चव आवडत होती. "फोड!" मी देवेशला हातोडी दिली. "फोड, फोड, तो पण फोड!" त्याच्या घोड्यांच्या तंगड्या पडवीभर उडाल्या. आई आतून ओरडली, "झाडणार कोण ते?"

देवेशचा चेहरा लाल झाला होता. त्यानं उरलेले धनुर्धारी खिंडीच्या तोंडाशी आणले, जवळून मारायला. आमचा एक कुऱ्हाडवाला पडला, त्याच्यामागे आणखी एक भालाईत. तारपकरी त्या सगळ्या प्रेतांमधून गाल फुगवून चाललाच होता. धनुर्धाऱ्यांना आम्ही हातभर अंतरावरून कोथळे काढून मारलं. आता समोर फक्त टेकाड, आणि वर सरदार.

इथे माझा हात थांबला. तारपकरी अजून एक पाऊल पुढे गेला तर सरदाराच्या तलवारीखाली जाणार. मागे घेतला तर वाचेल, पण आमची रांग त्याच्यासाठी मागे वळेल आणि सरदार उघड्या पाठींवर तुटून पडेल. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातचं ते शेवटचं माणूस. जगात दुसरं होणार नव्हतं.

"चल," बाबा म्हणाले.

मी त्याला टेकाडावर चढवला, सरदाराच्या बगलेतून पलीकडे. रांग त्याच्या मागोमाग चढली आणि सरदाराभोवती वेढा पडला. दोन वार लागले, पण सरदार उभा राहिला. आता पाळी देवेशची. तो वेढा फोडू शकला असता, एका भालाइताला लोळवून निसटला असता. पण त्याला त्या गाल फुगवलेल्या माणसाचा संताप आला होता. त्यानं सरदाराची तलवार तारपकऱ्यावर घातली, फासे टाकले. सहा.

तारपकरी आडवा झाला. आवाज थांबला, दुप्पट वार गेले. पण आमचे चौघे सरदाराला खेटून उभे होते आणि त्याचा वार खर्च झाला होता. मी एकेक फासा टाकला. तिसऱ्या भालाइतानं सरदाराचं शिंगवालं मुंडकं खाली आणलं.

जिंकलो. वर्षभरात पहिल्यांदा. मी बाबांच्या गळ्यात पडले. देवेशनं आपला सरदार फोडला आणि हातोडी माझ्यासमोर ठेवली. मग टेबलावर आडव्या पडलेल्या तारपकऱ्याकडे आमच्या तिघांचीही नजर गेली.

मी हातोडी उचलली, पण हात वर जाईना. त्या माणसाच्या पाठीवर बाबांचा अंगठा उमटलेला होता.

"काका," देवेश म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि सावकाश. "ह्याला राहू द्या. तुमच्या हातचा शेवटचा आहे. एवढा एक नियम सोडू या नाऽऽ."

माझ्या मनातलंच बोलला तो. मला तो त्या क्षणी पहिल्यांदा आवडला. पण मग बाबांचा चेहरा पाहिला. भेटायला येणाऱ्यांकडे ते असेच बघायचे. डहाणूत त्यांच्यावर दया न करणारा एकच माणूस उरला होता, आणि आज तोही काकाऽऽ म्हणणाऱ्यांत जाऊन बसत होता.

"नाय," बाबा म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून हातोडी ओढून घेतली, डाव्या हातानं. पहिला घाव टेबलावर बसला, वाळूचा डोंगर ढासळला. मी पुढे झाले तर त्यांनी खांद्यानं मला ढकललं. दुसऱ्या घावाला तारपा तुटला. तिसरा घाव घालताना त्यांच्या घशातून एक आवाज आला, कुऱ्हाड घालताना माणसाच्या तोंडून येतो तसा. डोकं फुटलं. मग घाव मोजायचं कारण राहिलं नाही. लाल भुकटी इस्त्रीच्या शर्टावर उडाली.

बाबांनी तळहातानं भुकटी बाजूला सारली. उरलेल्यातला एक भालाईत चिमटीत धरला, बराच वेळ लावून ओळीत उभा केला. मग दुसरा. मग तिसरा. चौथा, कुऱ्हाडवाला, दोनदा पडला, दोनदा उभा केला. आणि देवेशकडे पाहिलं.

"चल."

देवेशनं बाहीनं तोंड पुसलं. डब्यातून नवा सरदार काढला, समोर ठोकून उभा केला आणि फासे फेकले. पहिल्याच वारात त्यानं आमच्या एका भालाइताचा गळा कापला.

बाबांनी हातोडीसाठी डावा हात पुढे केला. ते हसत होते.