वाचली असे समजावे

आमच्या सभागृहात एक मंत्र चालतो. सूचना मांडायची असली की नगरसेवक उभा राहतो, क्रमांक सांगतो आणि म्हणतो, 'वाचली असे समजावे.' महापौर म्हणतात, 'समजली.' बाकीचे बाकं वाजवतात. कोणी वाचत नाही, कोणाला काही समजत नाही, पण गटारं होतात, बागा होतात, झालेल्या बागेची पुन्हा बाग होते. नवीन निवडून आले तेव्हा मला या प्रकाराचा संताप यायचा. मग वाटलं, सगळे न वाचताच मंजूर करणार असतील, तर आपलं कामही त्यातच उरकून घ्यावं. स्वतःच्या हुशारीवर माझा भलता विश्वास.

माझं काम म्हणजे माझा धाकटा भाऊ, धनेश. तो दिघ्याला आईजवळ राहतो, पावणे भागातल्या कारखान्यांमध्ये टेम्पो चालवतो. एका गोदामातून तांब्याची वायर चोरीला गेली आणि त्या दिवशी ज्यांचे टेम्पो तिथे उभे होते, त्या सगळ्यांना पोलिसांनी नाक्यावरच्या चौकीत नेलं. चौकीच्या मागे एक खोली आहे. तिथे काय झालं ते धनेशने आजपर्यंत सांगितलेलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या पायात चप्पल जात नव्हती.

जामीन मिळाला, पण खटला संपेपर्यंत दर सोमवारी त्याच चौकीत हजेरी लावायची अट पडली. हजेरी म्हणजे सही करायची आणि घरी यायचं, हे कोर्टाच्या भाषेत. चौकीच्या भाषेत हजेरी म्हणजे आतल्या खोलीत बसायचं. कधी नुसतं बसवतात, कधी नाही. रविवार दुपारपासून त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आईने मला एकदाच विचारलं, 'तू नगरसेविका झालीस ना? मंग त्या खोलीन एक कॅमेरा लावता येत नाय तुला?'

येत नव्हता. पोलीस राज्य सरकारचे, महापालिकेला त्यांच्यावर काडीचा अधिकार नाही. पण शोधता शोधता सापडलं की चौकीची इमारत आमची आहे. जुनं समाजमंदिर, पोलिसांना वापरायला दिलेलं. शेजारच्या वॉर्डातल्या नगरसेविका रशिदाभाभी म्हणाल्या की इमारत आपली, मग आत कॅमेरे लावायला पैसेही आपण देऊ शकतो, आणि पैसे देताना अट घालू शकतो. त्या मूळच्या उरणकडच्या, लग्नाआधी शाळेत शिकवायच्या, मसुदा लिहावा तर त्यांनीच. आम्ही अंदाजपत्रकाला उपसूचना तयार केली. नाक्यावरील पोलीस चौकीच्या देखरेखीसाठी तरतूद करावी, आतल्या खोलीसकट सगळीकडे कॅमेरे बसवावेत आणि त्यांचं चित्रण नागरिकांच्या एका समितीने दर महिन्याला पाहावं. सूचक मी, अनुमोदक रशिदाभाभी. धनेशचं नाव अर्थातच कुठे नव्हतं.

आमचे गटनेते कमळाकरदादा. माझ्या सासरच्या घणसोली गावातलेच, नवऱ्याचे दोस्त, मला वहिनी म्हणतात. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा तिकीट मला मिळालं ते त्यांच्यामुळे. सूचना त्यांच्यामार्फतच सचिवांकडे जाते, तशी पद्धत आहे. त्यांनी कागद वरून खालून पाहिला, खिशात घातला आणि काळजी करू नका म्हणाले. मला हायसं वाटलं.

कित्येक वर्षं प्रशासकाची राजवट होती, अंदाजपत्रक बंद दाराआड मंजूर व्हायचं. त्यामुळे निवडून आलेल्या सभागृहाचं हे पहिलं अंदाजपत्रक म्हटल्यावर प्रत्येकाच्या पोटात भाषण साठलेलं. पाणी झालं, खड्डे झाले, कचऱ्याच्या गाड्या झाल्या. एका सभासदाने भटक्या कुत्र्यांचा विषय काढला तो सोडेचना. मी आणि रशिदाभाभी वाटच पाहत होतो, कारण आमचा बेत ठरलेला होता. जेवणाची सुट्टी जवळ आली आणि उपाहारगृहातून मटणाच्या रश्शाचा वास यायला लागला की सूचना मांडायची. भुकेला माणूस हरकत घेत नाही.

वास आला. मी उभी राहिले. क्रमांक सांगितला आणि म्हटलं, 'वाचली असे समजावे.' रशिदाभाभी म्हणाल्या, 'अनुमोदन.' महापौर म्हणाले, 'समजली. मंजूर?' सगळं सभागृह म्हणालं, 'मंजूर.' विरोधकांनीही बाकं वाजवली. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मला आनंदाने रडू येत होतं, आणि मी पदराने डोळे पुसत आईला फोन लावला की झालं, कॅमेरा लागणार.

जेवताना कमळाकरदादा ताट घेऊन समोर बसले. म्हणाले, एकमताने झाली, पहिल्याच सूचनेला असं नशीब कोणाचं असतं? चौकीला नवीन फरशी, रंग, एसी, पोलीस तर खूश होतील. मी विचारलं, कसला एसी? त्यांनी सभेची छापील पत्रिका पुढे सरकवली. माझंच नाव, माझीच सूचना. 'पोलीस चौकीच्या देखभालीसाठी तरतूद करावी.' पुढे पूर्णविराम. कॅमेरे नाहीत, समिती नाही.

'देखरेख बोललं की पोलीस खातं येतं,' ते मला लहान मुलीसारखं समजावत म्हणाले. 'ते आपलं नाय, वहिनी. सूचना पडलीच असती. देखभाल बोललं की बिल्डिंग येते, ती आपली. मीच सचिवांना सांगून दुरुस्त करून घेतलं. खालचं मग लागतच नव्हतं.'

त्यांना वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केलेत. खरंच वाटत होतं, तोंडावर तसं साफ दिसत होतं. लबाडी केली असती तर मी भांडले असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, भांडणार कोणाशी? पत्रिका आदल्या आठवड्यात माझ्या घरी आली होती. रशिदाभाभींच्याही घरी आली होती. आम्ही आमचा मसुदा इतक्या वेळा वाचला होता की छापलेला वाचायचं दोघींनाही सुचलं नाही. न वाचणाऱ्यांना फसवायला निघालो आणि स्वतःच वाचलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सुट्टीनंतर मी उभी राहिले आणि म्हटलं की माझ्या सूचनेत चूक आहे, ती मला मागे घ्यायची आहे. महापौरांनी चष्म्यावरून पाहिलं. सूचना आपलीच, मांडली आपणच, वाचली असे समजावे असंही आपणच म्हणालात, ते म्हणाले. सभागृह हसलं. मंजूर ठराव तीन महिने पुन्हा उघडता येत नाही, बहुमताच्या सह्या आणल्या तरच. रशिदाभाभी उठून काही बोलायला लागल्या तर मागून कोणीतरी म्हणालं की भाभी, चौकी स्वच्छ नको का तुम्हाला? पुन्हा हशा.

कमळाकरदादा माझ्या कानाशी वाकले. 'वहिनी, कोनासाठी मागताय असं विचारलं तर काय सांगनार? भावाचं नाव निघालं तर तुमचं पद जाईल ते जाईल. त्याचा फोटो पेपरात येईल. सोमवारी तो जायचा तिथेच ना?'

तर हे त्यांना माहीत होतं. आणि म्हणत होते ते खरं होतं, हेच सगळ्यात वाईट. बोलले तर धनेशला मार, न बोलले तर धनेशला मार. मी बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. थोड्या वेळाने पूर्ण अंदाजपत्रक मताला आलं, पक्षाचा आदेश होता, सगळ्यांबरोबर माझाही हात वर गेला.

आमच्या वॉर्डातला एक रस्ता गेली कित्येक वर्षं होतोय. चौकीचं काम मात्र पैसे सुटले तसं लगेच सुरू झालं. मी दरम्यान सह्या गोळा करत होते. रशिदाभाभींची आणि माझी धरून त्या एका हाताच्या बोटांवर मावत होत्या.

एका सोमवारी धनेश हजेरीवरून थेट माझ्याकडे आला. एरवी तो त्या दिवशी कोणाला तोंड दाखवत नाही. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. तो नीट चालत होता.

'बाय, आज मना चहा पाजला,' तो म्हणाला. 'खुर्चीवर बसवला. साहेब बोलला, बहिनीला थँक्यू सांग, उद्घाटनाला बोलव.'

खोटं कशाला बोलू, माझ्या जिवाला बरं वाटलं. एवढ्याने जरी त्याचे सोमवार सुटले तर काय वाईट झालं, असं मनात येऊन गेलं. मी त्याला भाकरी वाढली. तो ताटाकडे पाहत बसला.

'आतले खोलीचा काम चालू हाय,' तो म्हणाला. 'एसी लावायचाय म्हनून खिडकी विटा घालून बुजवली. दरवाजा पन जाड बसवला. आता आतला बाहेर काय आयकू येनार नाय.'

मी उठले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. काम थांबवते म्हटलं, पेपरवाल्यांना बोलावते, पद गेलं खड्ड्यात, आणि उद्घाटनाला माझी सावलीही पडणार नाही म्हटलं.

त्याने माझा हात धरला. मोठा झाल्यापासून त्याने माझा हात कधी धरला नव्हता.

'तू ये बाय,' तो म्हणाला. 'फीत तुझ्याच हातान कापायची हाय त्यांना. नाय आलीस तं त्यांना वाटल का मी घरी काय तरी बोललो.'

मी खाली बसले. मग मी विचारलं, उद्घाटन कधी ठेवलंय?

'सोमवारी सकाळी,' धनेश म्हणाला. 'माझी हजेरी त्याच्यानंतर हाय.'