पडवळाच्या पायातला गूळ

गच्चीच्या कठड्याखालून मुंग्यांची एक रांग खाली पडलेल्या बुंदीच्या दाण्याकडे चालली होती. वाटेत तपकिरी पाण्याचं थारोळं होतं. नुकताच कुणीतरी टब उपडा केला होता. मुंग्या थारोळ्याच्या काठाशी येत, मिशा हलवत, आणि वळसा घालून बुंदीकडे जात. एकही थांबली नाही. कनकाने हे पाहिलं, आणि खात्रीसाठी पुन्हा पाहिलं. मग तिने मान वर केली, कारण मागे उभी असलेली गर्दी त्याच पाण्याला साखर म्हणत होती.

"निघाली, निघाली!" तळमजल्यावरचे नारायणस्वामी टाळ्या पिटत ओरडले. "अय्यो, केवढी निघाली बघा!"

एग्मोर स्टेशनच्या मागच्या त्या इमारतीची गच्ची रविवारी सकाळी अशी कधी भरली नव्हती. कोरोनाचं पहिलं वर्ष नुकतंच सरलं होतं, आकडे पुन्हा वर चालले होते, आणि लोक हनुवटीवर मास्क लावून एकमेकांच्या खांद्यावरून टबात डोकावत होते. टबात पाय बुडवून बसला होता कनकाचा नवरा रघुराम. त्याच्या पायांभोवती पाणी फसफसत होतं आणि बघता बघता काकवीच्या रंगाचं होत होतं.

समोर व्याघ्रचर्माची छपाई असलेल्या चादरीवर जलसामी बसले होते. ते तमिळमध्ये बोलत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी डोळे मिटत.

"हा काय आहे? गूळ आहे! तुमच्या रक्तातला गूळ! डॉक्टर गोळी देतो, गोळी गुळाला आत दाबते. मी दाबत नाही. मी बोलावतो. ये बाबा, बाहेर ये!"

आणि तो येत होता. पाण्यात लाल दोऱ्याने गुंडाळलेला एक सिद्धदंड सोडलेला होता, दंडाची वायर लाल कापडाने झाकलेल्या पेटीत जात होती. "पेटीत काय आहे?" असं एकाने विचारलं तेव्हा सामी म्हणाले, "मौन." पाणी मात्र साधं चालत नसे. ते शहराबाहेरच्या कोवलमच्या किनाऱ्यावरून आणावं लागे, समुद्राचं, पहाटे भरलेलं. पिण्याच्या कॅनमधल्या पाण्यात, म्हणे, सिद्धी गुदमरते.

रघुराम घरी आला तो हवेत तरंगतच, आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या त्यांच्या घरातल्या जुन्या मराठीत म्हणाला:

"काय गे कनका, बघितलीस? गूळ! असल गूळ!"

"बघितलें. गोळी घेतलां का?"

"गोळी कशास आतां? सर्व निघोन चाललं की."

"आणि अंगठ्याची जखम?"

"तीही सुकेल गे. सामी म्हणाले, आधी जरा चिघळते, मग सुकते."

कनकाने त्याचा पाय उचलून पाहिला. खाऱ्या पाण्याने जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. तिला काही बोलायचं होतं, पण या घरात त्या विषयावर बोलायची पद्धतच नव्हती. रघुरामला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली होती. त्याच्या गोळ्या अंगाऱ्याच्या डबीत राहत. कनका त्याच्या कॉफीत साखर घालायची नाही आणि तो "आज छान गोड झाली" म्हणायचा. मुलगा हरिप्रसाद नोकरीच्या गावाहून, सिरुसेरीहून, फोन करी तेव्हा विचारी, "अप्पांचं ते कसं आहे?" ते म्हणजे ते. त्याला नाव नव्हतं.

आणि आता सरकारने नाव विचारलं होतं. लस आधी साठीच्या पुढच्यांना, आणि पंचेचाळीस ते साठच्या मधल्यांपैकी ज्यांना आधीपासून ठराविक आजार आहेत त्यांना. डॉक्टरने तसं लिहून द्यायला हवं. रघुराम छप्पन्न वर्षांचा होता. दुसऱ्या मजल्यावर राहणारी डॉक्टर अदिती, नाशिकची, दोनदा दारात येऊन गेली होती.

"काका, नुसता मधुमेह असून भागत नाही. दहा वर्षांहून जुना हवा, सोबत रक्तदाबाची गोळी चालू हवी. तुमचं दोन्ही बसतं. मी लिहून देते, उद्या जाऊन या."

"पाहूं, डॉक्टरम्मा," रघुराम म्हणायचा. "पाहूं."

त्या पाहूंमध्ये महिना अर्धा संपला होता. सामींनी तर त्यावर कळसच चढवला होता. "रोग्यांच्या रांगेत का उभं राहता? माझ्या टबातून निघालेला माणूस रोगी राहतच नाही!" गच्चीवरच्या निम्म्या लोकांनी हे ऐकून सुटकेचा श्वास सोडला होता. ते निम्मे कोण, हे कनकाला बरोबर ठाऊक होतं. लग्नाच्या पंगतीत पायसम नको म्हणताना "आज उपास" सांगणारे.

रात्रभर नाही, पण भाजी चिरताना कनकाने मुंग्यांचा विचार केला. ती मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. मुंग्या आल्या नाहीत, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं तिने मुलींना सांगितलं असतं. शंका घ्यायला मात्र तेवढं पुरे. खारं पाणी, वायर, पेटी आणि फसफस. हा धडा ती दर वर्षी शिकवायची. प्रश्न एवढाच होता की टबात मधुमेह नसलेला कुणीतरी बसवायचा कसा. सामी सांगतील, याला लपलेला मधुमेह आहे. अमुक माणसाला तो नाहीच, हे गच्चीवर कुणाला पटवणार?

विळीवर अर्धं पडवळ होतं. टोपलीत आणखी दोन होती, लांब, पांढुरकी, टोकाला किंचित वळलेली. कनका त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग एकटीच स्वयंपाकघरात खुदकन हसली.

कारण सामींचं एक व्रत होतं. परस्त्रीचे पाय पाहायचे नाहीत. बायकांच्या वेळी टबावर मधोमध धोतराचा पडदा धरला जाई. बाई पडद्याआडून पाय सोडी, आणि सामी अलीकडून पाणी बघून तिचं सगळं सांगत.

पुढच्या रविवारी कनका मोठी पिशवी घेऊन गच्चीवर गेली. अदितीला तिने "बघायला ये, काही विचारू नको" एवढंच सांगितलं होतं. कनकाला पाहून रघुरामचा ऊर भरून आला.

"सामी, माझी बायको! शास्त्र शिकवते, तरी आली!"

"शास्त्र येतंच शेवटी," सामी म्हणाले आणि डोळे मिटले.

पडदा धरला गेला. आतून पाण्यात काहीतरी हळूच उतरल्याचा आवाज आला. पेटीचं बटण दाबलं. फसफस सुरू झाली. पाणी पिवळं झालं, मग विटकरी.

"अम्मा," सामी डोलत म्हणाले, "फार गूळ आहे तुमच्यात. जुना आहे. पायांना मुंग्या येतात?"

"अजून नाही आल्या," आतून कनका म्हणाली.

"येतील! रात्री उठावं लागतं?"

"नाही सामी. रात्रभर टोपलीत गप्प पडून असतात."

गर्दीत कुणाला तरी खोकला आला. सामी थांबणाऱ्यातले नव्हते. "पाय अशक्त आहेत. आतून पोकळ झालेत."

"ते मात्र खरं. बियाही आहेत."

"बिया?"

"सामी, आतां पडदा काढा," कनका म्हणाली. "हे परस्त्रीचे पाय नाहीत."

पडदा धरणाऱ्या नारायणस्वामींच्या हातून धोतर सुटलं. कनका पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घालून बसली होती, कोरडी ठणठणीत. टबात दोन पडवळं उभी होती. प्रत्येकाच्या टोकाजवळ चांदीचं एक जोडवं घातलेलं होतं, आणि दोन्ही पडवळांमधून गूळ भळाभळा निघत होता.

आधी पहिल्या रांगेतली एक आजी हसली. मग सगळी गच्ची हसली. कबुतरं उडाली, टाकीवर बसलेली पोरं खाली घसरली, कुणाचा मास्क हसता हसता टबात पडला आणि त्याच्याभोवतीही पाणी तपकिरी होत राहिलं.

"पडवळातही जीव आहे!" सामी ओरडले. "जीव आहे तिथे साखर आहे! या पडवळाला मधुमेह आहे!"

"असेल," अदिती गंभीरपणे म्हणाली. "मग मी त्याला लसीसाठी लिहून देते. पंचेचाळीस पूर्ण आहेत ना?"

आता कठडाच हलेल की काय असं वाटलं. एकटा रघुराम हसत नव्हता. त्याचा चेहरा त्या पाण्यासारखा झाला होता.

"मज एका शब्दाने सांगितली नाहीस गे."

"सांगितलें असतें तर तुम्ही मज इथे येऊं दिलें असतें?" कनका खाली उतरली. तिचा आवाज मवाळ होता. "आतां तुम्हीच करून बघा. पडवळही नको. तो कॅन ओता."

रघुरामने टब रिकामा केला, धुतला, आणि त्यात पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतला. दंड सोडला. बटण दाबलं. सगळे वाकून पाहत राहिले. पाणी होतं तसंच राहिलं, तळाचा निळा रंग दिसत होता. मग कनकाने त्यात घरून आणलेलं मूठभर मीठ टाकून ढवळलं. टबात कुणीही नव्हतं. पाणी फसफसलं आणि हळूहळू तपकिरी झालं.

"लाल दोरा सोडा."

रघुरामने बटण बंद केलं आणि दोरा उलगडला. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, खड्डे पडलेल्या, कुरतडल्यासारख्या. त्याच्या बोटांना तांबडा गंज लागला.

"मिठाच्या पाण्यातून वीज जाते," कनका म्हणाली. "वीज गेली की लोखंड झिजतं, त्याचा गंज पाण्यात उतरतो. पाय असो, पडवळ असो, कोणी नसो. साखर निघालीच नाही. तुमच्या रक्तात होती तितकीच आहे. गोळी बंद केली म्हणून जरा जास्तच असेल."

सामींनी पेटी काखोटीला मारली होती. "आज अमावास्या आहे," ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले. "अमावास्या परवा झाली, सामी!" नारायणस्वामींनी वरून हाक मारली. हसू ओसरलं तसं सगळ्यांच्या लक्षात आलं की पेटी आणि सामी गेले, तरी ते इथेच आहे, प्रत्येकाच्या रक्तात.

अदिती पुढे आली. "इथे पंचेचाळीस ते साठच्या मधलं, जुना मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेलं कुणी आहे? मी तपासून सांगते यादीत बसतं का."

सगळे आकाश पाहू लागले.

"रोग्यांच्या रांगेत का म्हणून?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"दोन हजार पंधराच्या पुरात तुम्ही इथेच होतात ना?" अदितीने विचारलं. "मी नव्हते. काकूंनी सांगितलं मला. तेव्हा आधी कुणाला वर आणलं?"

"तळमजल्यावरच्यांना," नारायणस्वामी म्हणाले. "या रघुरामनेच आणलं. माझ्या आईला पाठीवर घेऊन."

"त्यांचा अपमान झाला?"

"अपमान कसला? पाणी आधी त्यांच्याच घरात शिरणार होतं."

"मग हेही तसंच आहे. कोरोना सगळ्यांना होऊ शकतो, पण साखर आणि रक्तदाब असलेल्यांना तो जास्त बुडवतो. म्हणून त्यांना आधी."

कनकाने टबाशेजारी पडलेली पडवळं उचलली, जोडवी काढून पदराला पुसली. "जे दिसतं त्यावर प्रश्न विचारायचा," ती म्हणाली, कुणाकडे न पाहता, वर्गात फळ्याकडे पाहून बोलावं तशी. "आणि जे आहे त्याला नाव द्यायचं. नाव दिलं नाही तर औषध कशावर करायचं?"

रघुराम टबाशेजारी बसला होता. त्याने गंजाने माखलेला हात धोतराला पुसला, अंगठ्याची जखम पाहिली, आणि उठून उभा राहिला. खाली स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालू होती.

"डॉक्टरम्मा," तो मोठ्याने म्हणाला, "मज मधुमेह आहे. बारा वर्षं झाली. रक्तदाबही आहे. लिहा. उद्या सकाळी मी लस घ्यायला जातों."