दसऱ्याचा स्टार्ट

क्षमा ही माझ्या हाताखालची इंजिनीअर. सकाळी पावणेनऊला ती मोबाइल नाचवत जुहूच्या हँगरमध्ये माझ्यासमोर उभी राहिली. "परबकाका, हा परवाच्या दसऱ्याचा व्हिडिओ. इंजिन चालू दिसतंय. मग इंजिनाच्या कार्डावर ह्या स्टार्टची नोंद कुठाय?"

पूजा झाली, नारळ फुटला की हेलिकॉप्टरचं इंजिन मिनिटभर सुरू करायचं, ही रीत मीच पाडलेली. गेल्या वर्षी क्षमा इथे नवी होती, तेव्हाही तिनं विचारलं होतं, "लिहू का?" मी हसलो होतो. "अगं, देवाच्या नावाचा स्टार्ट तो! लिहायचा कशाला?"

पण इंजिनातल्या टर्बाइनच्या डिस्कला देव कळत नाही. प्रत्येक स्टार्टला ती तापते, निवते आणि तिचं आयुष्य एकानं कमी होतं. ठरलेले स्टार्ट संपले की धडधाकट दिसली तरी ती बदलायचीच. कारण फुटायच्या आधी ती सांगत नाही, आणि फुटली की इंजिनाचं कवच फाडून बाहेर येते. नव्या पोरांना हे मी तीस वर्षं दरडावून शिकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत.

कार्डावर चार स्टार्ट शिल्लक होते. समुद्रातल्या तेलविहिरीवर जाऊन यायला दोन लागतात, एक इथून निघताना, एक तिथून.

"गेल्या वर्षीचा एक, यंदाचा एक," क्षमानं वजा केले. "दोन उरले. आजची फेरी बसते, काका. परत आलं की डिस्क बदलू." सही करायला तिनं पेन काढलं.

बाहेर लाइफ जॅकेट घातलेली आठ माणसं रांगेत उभी होती. पायलट शौनक आत बसून घड्याळ बघत होता.

पण ती डिस्क बसवल्याला पाच दसरे झाले होते. पहिले तीन क्षमा यायच्या आधीचे, आणि तेव्हाची माणसं कधीच सोडून गेली. चारातून पाच गेले, म्हणजे कालचं परतीचं उड्डाण मुदत संपलेल्या डिस्कवर झालं होतं.

हे फक्त मला ठाऊक होतं. डिसेंबरात मी निवृत्त होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय कारखानेवाले थोडी सूट ठेवूनच आकडा देतात, असंही मनात आलं. दुसरा कोणी असं बोलला असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

पेन कागदाला टेकलं. मी क्षमाचं मनगट धरलं.

"दोन नाही गं. पाच."

तिनं पेन कागदावरून उचललं. "मग काल...?"

"काल आपण माणसं घेऊन तसेच उडालो. लिही. पाचही माझ्या नावावर लिही. मशीन आज जाणार नाही."

"काका, लायसन्स जाईल तुमचं."

"जाऊ दे. लिही म्हटलं ना!" मी उगाच तिच्यावर खेकसलो.

बाहेर जाऊन मी शौनकला उतरवलं. "वाट लागली यार," म्हणत त्यानं हेडफोन काढला. रांग मोडली. त्यातला एक जण तावातावानं माझ्या अंगावर आला. "काय नाटकं लावलीत? काल संध्याकाळी माझा भाऊ ह्याच मशीननं आला. काय झालं त्याला?"

"नीट पोचला ना घरी?" मी विचारलं.

"पोचला की! मालाडला झोपलाय मस्त."

मी तिथेच डांबरावर बसलो, आणि एवढ्या लोकांसमोर मला रडू आवरेना.